चंद्रकांत पंडित

चंद्रकांत सीताराम पंडित (जन्म: ३० सप्टेंबर १९६१, मुंबई) हे भारताचे माजी क्रिकेट खेळाडू आणि प्रशिक्षक आहेत. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून त्यांनी १९८६ ते १९९२ या काळात भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. निवृत्तीनंतर त्यांनी प्रशिक्षणाचे क्षेत्र निवडले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांनी मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकला. यांपैकी विदर्भ आणि मध्य प्रदेश यांची त्यापूर्वी रणजी विजेतेपदाची पाटी कोरी होती. त्यामुळे भारतातील देशांतर्गत क्रिकेटच्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांमध्ये पंडित यांची गणना होते.

खेळाडू म्हणून कारकीर्द

पंडित हे मुंबईतील नामवंत प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे शिष्य होत. मुंबईच्या संघातून पुढे आलेल्या पंडित यांना राष्ट्रीय संघात स्थिर जागा मात्र मिळाली नाही. सय्यद किरमाणी यांच्यानंतर भारताचे यष्टिरक्षण प्रामुख्याने किरण मोरे यांच्याकडे गेले. त्यामुळे पंडित यांना अनेकदा केवळ फलंदाज म्हणून किंवा मोरे यांच्या अनुपस्थितीत संधी मिळत असे. जून १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेव्हाही यष्टींमागे मोरे हेच होते. भारताने तो सामना २७९ धावांनी जिंकला.

१९८७ च्या विश्वचषक स्पर्धेत वानखेडे स्टेडियमवर झालेल्या इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, आजारी पडलेल्या दिलीप वेंगसरकर यांच्या जागी पंडित यांची निवड झाली. त्यांनी २४ धावा केल्या. भारत ३५ धावांनी पराभूत झाला. १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी सिडनी आणि अ‍ॅडलेड येथील कसोटी सामने खेळले. अ‍ॅडलेडची कसोटी ही त्यांची अखेरची ठरली. कसोटी सामन्यांत त्यांच्या नावावर १७१ धावा, १४ झेल व २ यष्टिचीत, तर एकदिवसीय सामन्यांत २९० धावा, १५ झेल व १५ यष्टिचीत अशी नोंद आहे.

प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्यांची कामगिरी याहून बरीच मोठी आहे. मुंबई, आसाम आणि मध्य प्रदेश या संघांकडून खेळताना त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या आणि त्यांची सरासरी ४८ च्या पुढे राहिली.

१९९८-९९ चा अंतिम सामना

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ १९९८-९९ च्या मोसमात रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. बंगळूरच्या एम. चिन्नास्वामी स्टेडियमवर गाठ यजमान कर्नाटकाशी होती. कर्नाटकाच्या ३०४ धावांना उत्तर देताना मध्य प्रदेशाने ३७९ धावा केल्या आणि ७५ धावांची आघाडी घेतली.

रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. त्यामुळे अखेरच्या दिवशी मध्य प्रदेशाला २४७ धावांचे लक्ष्य गाठणे आवश्यक नव्हते. गडी राखून दिवस काढणेही पुरेसे होते. मात्र विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघाचा डाव १५० धावांत आटोपला आणि कर्नाटकाने ९६ धावांनी विजय मिळवला. हातातोंडाशी आलेले विजेतेपद निसटले. त्यानंतर थोड्याच काळात पंडित खेळातून निवृत्त झाले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

मुंबई

पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असे सलग दोन मोसम रणजी करंडक जिंकला. पुढे ते पुन्हा मुंबईचे प्रशिक्षक झाले आणि २०१५-१६ मध्ये संघाने ४१ वे विजेतेपद मिळवले. पुण्याजवळील गहुंजे येथे झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईने सौराष्ट्राचा एक डाव आणि २१ धावांनी पराभव केला. त्या मोसमात श्रेयस अय्यर यांनी १,३२१ धावा केल्या. पुढील मोसमात मुंबईला अंतिम सामन्यात गुजरातकडून हार पत्करावी लागली. त्यानंतर मुंबईने प्रशिक्षकपद समीर दिघे यांच्याकडे सोपवले आणि पंडित विदर्भाकडे गेले.

विदर्भ

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत होता, परंतु त्याला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नव्हती. पंडित यांच्या पहिल्याच मोसमात, २०१७-१८ मध्ये, उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी मात केली. इंदूर येथील अंतिम सामन्यात फैज फजल यांच्या नेतृत्वाखालील संघाने दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला. या सामन्यात रजनीश गुरबानी यांनी हॅटट्रिक साधली. पुढच्या मोसमात नागपूरजवळील जामठा येथे सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. या दोन्ही मोसमांत इराणी करंडकही विदर्भाकडेच आला.

मध्य प्रदेश

मार्च २०२० मध्ये पंडित यांची मध्य प्रदेशाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. मात्र मध्य प्रदेश या नावाने खेळणाऱ्या संघाला तो कधीच मिळाला नव्हता.

२०२१-२२ च्या मोसमात संघ १९९८-९९ नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. जून २०२२ मधील हा सामनाही चिन्नास्वामी स्टेडियमवरच झाला आणि प्रतिस्पर्धी मुंबईचा संघ होता. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हेही आचरेकरांचेच शिष्य होते. मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) आणि रजत पाटीदार (१२२) यांच्या शतकांच्या बळावर मध्य प्रदेशाने ५३६ धावा केल्या. मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत संपला आणि १०८ धावांचे लक्ष्य मध्य प्रदेशाने ६ गडी राखून पार केले. ज्या मैदानावर कर्णधार म्हणून पंडित यांचे विजेतेपद हुकले होते, तेथेच २३ वर्षांनी प्रशिक्षक म्हणून त्यांनी ते त्याच राज्याला मिळवून दिले.

कोलकाता नाइट रायडर्स

ऑगस्ट २०२२ मध्ये पंडित इंडियन प्रीमियर लीगमधील कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये संघ सातव्या स्थानी राहिला. २०२४ मध्ये श्रेयस अय्यर कर्णधार आणि गौतम गंभीर मार्गदर्शक असताना संघाने चेन्नई येथील अंतिम सामन्यात सनरायझर्स हैदराबादचा ८ गडी राखून पराभव करून तिसरे विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये संघाची पुन्हा घसरण झाली आणि त्या वर्षी जुलै महिन्यात पंडित यांनी हे पद सोडले.

कार्यपद्धती

पंडित हे कडक शिस्तीसाठी ओळखले जातात. मध्य प्रदेशाचा कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला स्वतःच्या लग्नासाठीही केवळ दोन दिवसांची रजा मिळाली होती, असे २०२२ च्या विजयाच्या वेळी खुद्द पंडित यांनीच सांगितले होते. ही पद्धत सर्वत्र सारखीच स्वीकारली गेली नाही. कोलकाता संघातून खेळलेले डेव्हिड वीझा यांनी, पंडित यांची लष्करी थाटाची शिस्त काही परदेशी खेळाडूंना रुचली नव्हती, असे नंतर जाहीरपणे म्हटले.

या फरकामागे स्पर्धांचे स्वरूपही आहे. रणजी संघातील खेळाडू बहुधा एकाच राज्यातील असतात, मोसमापूर्वी आणि मोसमात दीर्घकाळ एकत्र राहतात आणि त्यांतील अनेकांचे राष्ट्रीय संघात जाण्याचे स्वप्न या स्पर्धेवरच अवलंबून असते. इंडियन प्रीमियर लीगमध्ये निरनिराळ्या देशांतील प्रस्थापित खेळाडू सुमारे दोन महिन्यांसाठी एकत्र येतात. पंडित यांच्या सहा रणजी विजेतेपदांपैकी तीन अशा संघांची आहेत, ज्यांच्याकडे मुंबईसारखी विजयाची परंपरा नव्हती. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या कामाचे मोल प्रामुख्याने या तीन विजेतेपदांवरून ठरते.