नाताळची मुबारकबादी आणि आपली तिजारत

डिसेंबर लागला की तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यात माल पुरविणाऱ्या आपल्या तरुण व्यापाऱ्यांपुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. ज्या कारखान्याला आपण युनिफॉर्मचे कापड, हातमोजे किंवा मशीन पुसायचे बनियन वेस्ट देतो, तेथील परचेस विभागाचे साहेब ख्रिस्ती आहेत. त्यांना नाताळची मुबारकबादी द्यावी की नाही? कंपनीत केक कापला जातो, तेथे उभे राहावे की नाही? तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी आपली मुले-मुलीही हेच विचारतात. अनेकांनी यावर एक सोपा तोडगा काढला आहे. २० तारखेनंतर आठ दिवस तिकडे फिरकायचेच नाही, फोनही उचलायचा नाही! दीनने असे तोंड लपविण्याची मागणी केलेली नाही, आणि धंद्याच्या हिशेबाने तर हा तोट्याचाच सौदा आहे.

प्रथम समोरचा माणूस कोण, हे ओळखले पाहिजे. ख्रिस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परदेशी साहेब येतो. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, तेव्हापासून तर अधिकच. पण स्टोअर, गेट, अकाउंट्स येथे ज्यांच्याशी आपली रोजची गाठ पडते, ते ख्रिस्ती बहुधा अहमदनगरकडचे (आताचे अहिल्यानगर) मराठी असतात किंवा केरळचे मल्याळी. नगरहून मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे मराठी पत्र १८४२ साली निघू लागले, यावरून हा समाज मराठीत किती जुना आहे हे कळावे. खुद्द ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीच होऊन गेला. रमजानमध्ये आपल्यासमोर चहा पिताना संकोचणारा आणि ईदला घरी शीरखुर्मा खाऊन जाणारा हाच माणूस आहे.

आता दीनचा मसला. यात उलमांमध्ये मतभेद आहे व तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. इमाम इब्ने कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी इतरांच्या धार्मिक सणाची मुबारकबादी देणे नाजायज ठरविले. आपल्याकडील अनेक मुफ्तीही याच मताचे आहेत. दुसरीकडे अल्लामा यूसुफ करजावी (मृत्यू २०२२), १९९७ साली स्थापन झालेली युरोपातील फतवा परिषद आणि मिसरचे दारुल इफ्ता यांनी शिष्टाचार म्हणून शुभेच्छा देण्यास परवानगी दिली आहे. मात्र त्यांच्या इबादतीत सामील होऊ नये, दारूपासून दूर राहावे, ही अट घालूनच. म्हणजे अकीद्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे म्हणणे एकच आहे. हजरत ईसा (अलै.) अल्लाहचे बंदे व पैगंबर आहेत, त्यांना अल्लाहचा पुत्र मानणे आपल्याला कबूल नाही. वाद आहे तो दोन शब्दांच्या शिष्टाचाराचा.

ज्याला पहिले मत पटते त्याने मुबारकबादी देऊ नये. पण म्हणून चांगुलपणा सोडण्याची मुभा त्याला मिळत नाही. जे लोक धर्मावरून आपल्याशी लढले नाहीत, ज्यांनी आपल्याला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मना करीत नाही, असा सूरह मुम्तहिनाच्या ८ व्या आयतीचा आशय आहे. कापडवाल्यांनी तर बुखारी शरीफमधील एक रिवायत जरूर ध्यानात ठेवावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून मिळालेला रेशमी पोशाख हजरत उमर (रजि.) यांनी मक्केतील आपल्या भावाला भेट पाठविला, आणि तो भाऊ तेव्हा मुसलमान नव्हता. हबशाच्या ख्रिस्ती बादशहापुढे हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमच्या आयती वाचून दाखविल्या, ही गोष्टही आपल्या मुलांना पाठ असते. जेथे दोघांचे जुळते तेथून त्यांनी बोलणे सुरू केले होते.

म्हणून शब्द आपले असावेत. ‘साहेब, सुट्टीत घरच्यांना आमचा सलाम सांगा, नवे वर्ष आपणास सुखाचे जावो’ एवढे म्हटले तरी समोरच्याला पोचते व कोणत्याही आलिमाला त्यात खोट काढता येणार नाही. डायरी-कॅलेंडर देण्याची जुनी व्यापारी पद्धत आहेच. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. ‘मेरी ख्रिसमस म्हणणे हराम’ असले संदेश मोबाईलवर सगळ्या ग्रुपांत ढकलले जातात, त्यात गिऱ्हाइकाचा नंबरही असतो. फतवा मुफ्तीसाहेबांकडे जाऊन विचारायचा असतो, वाटायचा नसतो.

समारंभात जागा पाहून वागावे. दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा-फराळ असेल तर जाऊन भेटून यावे. प्रार्थना सुरू झाली तर अदबीने बाजूला व्हावे. रात्री हॉटेलात, जेथे दारू फिरते, तेथे जाऊ नये. अशा दस्तरख्वानावर बसण्यास हदीसमध्ये मनाई आहे. पण न जाणे आणि न कळविणे यात फरक आहे. आदल्या दिवशी फोन करून माफी मागावी व दुसऱ्या दिवशी खजुराचा डबा घेऊन भेटावे. केकबद्दल आधी विचारावे, कारण प्लम केकमधील सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजविलेला असतो. ‘एगलेस’ लिहिले म्हणजे रम नाही असे नव्हे! केरळच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींचा १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत उपवास असतो, त्यात ते गोश्त खात नाहीत. मोठ्या प्रेमाने त्यांच्या घरी २० तारखेला बिर्याणी पाठविण्यात अर्थ नाही. २५ नंतर पाठवावी.

शिवणकाम करणाऱ्या भावांचा प्रश्न वेगळा आहे. शाळांकडून सांताक्लॉजच्या लाल मखमली पोशाखांची व टोप्यांची ऑर्डर येते. सांताचा इंजीलशी काही संबंध नाही. त्याचे मूळ चौथ्या शतकातील बिशप निकोलस यांच्यात सांगतात, जे आजच्या तुर्कस्तानातील मायरा शहराचे होते. माझ्या मते मखमल विकण्यात वा मुलांच्या स्नेहसंमेलनाचे कपडे शिवण्यात हरकत नसावी. क्रॉसचे भरतकाम किंवा चर्चच्या वेदीचे कापड ही मात्र इबादतीची वस्तू झाली. तेथे नम्रपणे नकार द्यावा आणि तो ऑर्डर घेतानाच द्यावा. अर्धे काम झाल्यावर दीन आठवला तर तो वायदाखिलाफीचा गुन्हा होतो.

राहिले पैशाचे. परदेशी मालकीच्या कंपन्यांत मंजुरी देणारे लोक साधारण २४ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत रजेवर असतात. बिले, चलने व जीएसटीचे कागद १५ तारखेपूर्वी अकाउंट्समध्ये पोचवावेत. अनेक कारखाने याच दिवसांत मशीन बंद ठेवून दुरुस्ती काढतात, तेव्हा पुसण्याच्या कापडाची मागणी एकदम वाढते. स्टोअरवाल्याला आधीच विचारून माल भरून ठेवावा.