उन्हाने आंधळी झालेली काच

मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांच्या वर चढला की माणसं सावलीला सरकतात. गॅरेजसमोरच्या गाड्या मात्र उन्हातच उभ्या असतात. त्यातल्या आठ-दहा वर्षं जुन्या गाडीचा हेडलाइट जरा जवळून पाहा. नवी असताना लख्ख असलेली काच आता चहाच्या गाळणीच्या फडक्यासारखी पिवळट झालेली दिसेल. मेकॅनिक बोटावर टूथपेस्ट घेतो, गोल गोल घासतो, ओल्या फडक्याने पुसतो आणि काच उजळते. गिऱ्हाईक खूश! पण काही महिन्यांत काच पुन्हा तशीच, कधी कधी आधीपेक्षा वाईट. असं का व्हावं?

कारण ती काच नसतेच. ते असतं पॉलिकार्बोनेट, 1953 साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी तयार केलेलं प्लॅस्टिक. दगड लागला तरी ते सहसा फुटत नाही, पण ऊन त्याला सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडतात. त्यातून जे नवे रेणू बनतात ते निळा प्रकाश शोषून घेतात, आणि उजेडातून निळा वजा झाला की डोळ्यांना पिवळा दिसतो. ही पडझड अगदी वरच्या पातळ थरात होते, म्हणून घासल्यावर काच उजळते. पण कारखान्यातून येतानाच त्या प्लॅस्टिकवर अतिनील किरण अडवणारा एक पारदर्शक लेप दिलेला असतो. टूथपेस्टमधल्या बारीक कणांनी मळाबरोबर त्या लेपाचा उरलासुरला अंशही निघून जातो. म्हणजे उजळलेली काच आता उघड्या अंगाने उन्हात उभी!

प्लॅस्टिकच्या काचेचा दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅक्रिलिक. लातूर-नांदेडच्या बाजारातल्या दुकानांच्या चकचकीत पाट्या बहुधा याच्याच असतात. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटला अ‍ॅक्रिलिक वापरत. त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा फारसा बिघडत नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञांनी हेरलं आणि 1949 मध्ये मोतिबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आपल्याकडच्या मोतिबिंदू शिबिरांतही वर्षानुवर्षं बसवलेली कडक भिंगं याच प्लॅस्टिकची.

अ‍ॅक्रिलिक उन्हाला पुरून उरतं, सहसा पिवळं पडत नाही. त्याचा रोग वेगळा, तो म्हणजे जाळी. ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट किंवा थिनर लागला की आतून केसासारख्या असंख्य चिरा पडतात. प्रत्येक चिरेवर उजेड विखुरतो आणि काच चांदीसारखी चमकू लागते. ही जाळी वरवरची नसते, त्यामुळे कितीही घासा, जात नाही.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण हे दोन्ही रोग शिडाच्या होडीवाल्यांना चांगले ठाऊक आहेत. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. अशा सफरीत केबिनची छोटी खिडकी, म्हणजे पोर्टलाइट, केवळ उजेडासाठी नसते. बाहेरची लाट बाहेरच ठेवण्याचं कामही तिचंच. जुन्या होड्यांवर प्लॅस्टिकच्या या खिडक्या तडकतातही, आणि बहुतेकदा स्क्रूच्या भोकापासून. त्याचं गणित सोपं आहे. एक मीटर लांबीचं अ‍ॅक्रिलिक 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिलिमीटर वाढतं. तेवढीच ॲल्युमिनियमची चौकट वाढते जेमतेम 1 मिलिमीटर, तर खरी काच अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. स्क्रू गच्च आवळला की वाढायला जागा उरत नाही, आणि भोकाच्या कडेला चीर जाते.

म्हणून जाणकार जुनी खिडकी साच्यासारखी वापरून नवा तुकडा कापतात, भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडतात आणि स्क्रू फार आवळत नाहीत. फट बुजवायला प्लॅस्टिकला चालेल असंच सीलंट घेतात. पॉलिसल्फाइडसारखी काही सीलंट दोन्ही प्लॅस्टिकना खातात. लातूरच्या शेडच्या छपरात पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवणाऱ्यालाही हाच नियम लागू. भोक मोठं, वॉशर रुंद, हात हलका.

प्लॅस्टिक कोणतं हे कळत नसेल तर टाकाऊ तुकडा वाकवून बघा. अ‍ॅक्रिलिक कट्‌कन तुटतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. हेडलाइट पिवळा असेल तर टूथपेस्टऐवजी पाणी मारत आधी जाड, मग बारीक वॉटर पेपरने घासून घ्या, पॉलिश करा आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा लेप मारायला विसरू नका. पुसायला पाणी आणि सौम्य साबण पुरे. पेट्रोल, थिनर किंवा अमोनियावालं काचेचं द्रावण लांब ठेवा.

पिवळी पडली तर घासा, पण लेपाशिवाय सोडू नका; जाळी पडली तर घासत बसू नका, बदला. आणि गाडी शक्यतो सावलीत लावा. आपल्याकडच्या उन्हात याहून स्वस्त उपाय नाही.