इंग्रजी क्रियापदांचे पुस्तक कसे पारखावे?

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. शाळा मराठी माध्यमाची असो की उर्दू, मूल शाळेत गेले की इंग्रजी त्याच्या मागे लागते. आई-वडिलांना स्वतःला इंग्रजी फारसे येत नसेल तर ते बाजारातून एखादे पुस्तक आणतात किंवा मोबाइलवर धडे लावून देतात. 'गो–वेन्ट–गॉन', 'सी–सॉ–सीन' असे तक्ते मुले मोठ्याने पाठ करतात आणि घरातल्यांना समाधान वाटते.

पण तो तक्ता तयार कोणी केला आणि तपासला कोणी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. टोमॅटो दाबून पाहणारे, कापडाचा पोत बोटांनी चाचपणारे आपण पुस्तक मात्र मुखपृष्ठ पाहून घेतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जाणकाराच्या हाती चुकीचे पुस्तक पडले तर तो चूक ओळखतो आणि पुढे जातो. नवशिक्याला चूक दिसतच नाही, तो ती पाठ करतो. लहानपणी पाठ झालेली चूक पुढे मुलाखतीच्या खोलीपर्यंत सोबत येते. म्हणून अवघड पुस्तकापेक्षा सोप्या पुस्तकाची तपासणी अधिक कडक असली पाहिजे. ती कोणत्या निकषांवर व्हावी, हे ज्यांनी इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली त्यांच्या कामातून कळते.

आधी कोणती क्रियापदे?

मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देत होते. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही साधे पुस्तक वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. पाठ्यपुस्तकांत क्वचित वापरात येणाऱ्या शब्दांची गर्दी होती आणि नवे शब्द एकदम अंगावर येत होते. वेस्ट यांनी असे शब्द काढून रोजचे शब्द घातले आणि नवे शब्द थोड्या थोड्या अंतराने पेरले. १९३५ साली त्यांनी एक शब्दकोश तयार केला. त्यात जवळपास चोवीस हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले होते. अर्थ सांगणारा शब्द मूळ शब्दापेक्षा सोपा हवा, हा त्यामागचा नियम होता.

हा नियम आजच्या पुस्तकालाही लावून पाहा. इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांत बी, हॅव, डू, से, गेट, मेक, गो, नो, टेक, सी ही वरच्या जागांवर असतात आणि ही दहाही अनियमित आहेत. म्हणजे ज्यांची रूपे सर्वांत वेडीवाकडी, तीच सर्वांत आधी लागतात. 'ए'पासून 'झेड'पर्यंत अक्षरक्रमाने शेकडो क्रियापदे छापणारे पुस्तक दिसायला भरगच्च असते, पण कोणते क्रियापद आज शिकायचे आणि कोणते पुढच्या वर्षी, हे ठरवण्याचे काम ते मुलावर सोडून देते.

क्रियापद एकटे येत नाही

दुसरा निकष ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून मिळतो. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत. परक्या विद्यार्थ्याला क्रियापदाचा अर्थ कळला तरी ते वाक्यात कसे बसवायचे हे कळत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तयार केलेला शब्दकोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला आणि पुढे तो जगभर पसरला. प्रत्येक क्रियापदामागून वाक्याची कोणती रचना येते, हे त्यात दाखवले होते.

याची गरज आपल्या मुलांना रोज पडते. 'वॉन्ट' शिकलेले मूल 'आय वॉन्ट हिम टू गो' म्हणते, ते बरोबर आहे. त्याच चालीवर ते 'आय सजेस्ट हिम टू गो' म्हणते, ते चूक. 'टेल मी' बरोबर, पण 'एक्सप्लेन मी' चूक. तिथे 'एक्सप्लेन इट टू मी' म्हणावे लागते. 'टॉक अबाउट' चालते, 'डिस्कस अबाउट' चालत नाही, कारण 'डिस्कस'ला 'अबाउट' लागतच नाही. नुसता अर्थ आणि तीन रूपे देणारा तक्ता यातले काहीच सांगत नाही.

उदाहरण कुठून आले?

१९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला कोबिल्ड शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्यासाठी पुस्तके, वर्तमानपत्रे आणि प्रत्यक्ष बोलणे यांतले लाखो शब्द संगणकात साठवले होते. उदाहरणे टेबलावर बसून रचण्यापेक्षा लोक खरोखर जे बोलतात-लिहितात त्यातून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता.

बाजारातल्या अनेक पुस्तकांत मात्र 'राम ईट्स मँगो', 'राम इज ईटिंग मँगो', 'राम हॅज ईटन मँगो' अशी वाक्ये ओळीने असतात. एक तर 'मँगो'च्या आधी 'अ' हवा, तोच गायब असतो. दुसरे म्हणजे कोण, कधी, कोणाला आणि का सांगत आहे, याचा पत्ता नसतो. 'आय हॅव ईटन, थँक यू' हे पाहुण्याच्या तोंडचे वाक्य एकदा ऐकले की त्या काळाचा उपयोग कायमचा समजतो.

घरच्या भाषेची जाण

आपल्या घरांत दक्खनी, उर्दू, कोकणी आणि मराठी या भाषा एकाच दस्तरख्वानावर बसतात. मूल इंग्रजी बोलताना याच भाषांतून वाट काढते. नमाज 'पढतात', म्हणून ते 'आय रीड नमाज' म्हणते. इंग्रजीत तिथे 'प्रे' हवे. घरी दवा 'खातात', म्हणून 'ईट मेडिसिन' म्हणते. इंग्रजीत औषध मराठीसारखेच 'घेतात', म्हणजे 'टेक'. दार आणि दिवा दोन्ही आपण 'बंद' करतो, पण इंग्रजीत दार 'क्लोज' होते आणि दिवा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' होतो. इम्तिहान आपला विद्यार्थी 'देतो', इंग्रजीतला विद्यार्थी 'टेक' करतो. 'मला माहीत आहे' यातल्या 'आहे'मुळे 'आय अ‍ॅम नोइंग' तोंडात येते, खरे वाक्य 'आय नो' एवढेच.

या मुलांची बुद्धी कमी नाही, त्यांची वाट वेगळी आहे. चांगला लेखक ही वाट ओळखतो आणि जिथे पाय घसरतो नेमक्या तिथे पाटी लावतो. दुसऱ्या देशातल्या मुलांसाठी लिहिलेले धडे जसेच्या तसे उचलून मराठीत छापले, तर ही पाटी कोणी लावायची?

उच्चाराचा हिशेब

देवनागरीत उच्चार देण्याची सोय मोठी आहे. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे, हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपली लिपी सहज दाखवते. 'रीड' या शब्दाचे भूतकाळातही स्पेलिंग तेच राहते, पण उच्चार 'रेड' होतो, हेही दाखवता येते. 'वॉक्ट', 'कॉल्ड', 'वॉन्टिड' यांच्या शेवटी लिहायला अक्षरे तीच असली तरी आवाज तीन आहेत. पुस्तकाने तिन्हीकडे सरसकट 'एड' छापले असेल, तर लेखकाने शब्द कानांनी ऐकलेले नाहीत असे समजावे.

ब्रिटिश आणि अमेरिकन रूपांतही फरक आहे. 'लर्न'चे भूतकाळी रूप ब्रिटनमध्ये 'लर्न्ट' आणि 'लर्न्ड' दोन्ही चालते, अमेरिकेत 'लर्न्ड'च रूढ आहे. 'गेट'चे तिसरे रूप ब्रिटनमध्ये 'गॉट', तर अमेरिकेत बहुधा 'गॉटन'. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पुस्तकाने एक पद्धत निवडावी, ती सुरुवातीलाच सांगावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

घरी करता येईल अशी परीक्षा

पुस्तक विकत घेण्याआधी चार नोंदी उघडून पाहा. सोबत एखादा विश्वासार्ह शब्दकोश ठेवा किंवा शाळेतल्या उस्तादांना विचारा.

१. 'लाय' आणि 'ले' : आडवे होणे या अर्थी लाय–ले–लेन, ठेवणे या अर्थी ले–लेड–लेड, खोटे बोलणे या अर्थी लाय–लाइड–लाइड. तिन्ही वेगळे दिलेले आहेत का?

२. 'फाउंड' : सापडणे या अर्थी फाइंड–फाउंड–फाउंड, संस्था स्थापन करणे या अर्थी फाउंड–फाउंडेड–फाउंडेड.

३. 'हँग' : कपडे टांगणे या अर्थी भूतकाळ 'हंग', फाशी देणे या अर्थी 'हँग्ड'.

४. 'डिड' : नकारात 'ही डिड नॉट गो' आहे, की 'ही डिड नॉट वेन्ट' छापले आहे?

याशिवाय पहिली दोन पाने वाचा. लेखकाचे नाव आहे का? तपासणारा दुसरा कोणी आहे का? ही कितवी आवृत्ती, आणि चूक सापडल्यास कळवण्यासाठी पत्ता दिला आहे का? माणसाच्या हातून चूक होणारच. पण जो चूक कळवण्याची वाट उघडी ठेवतो आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. ज्याने आपले नावही दिलेले नाही, त्याला जाब विचारायचा कसा?

ज्या अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नाही, त्यांनाही यातले बरेचसे करता येईल. नाव, आवृत्ती आणि पत्ता पाहायला इंग्रजी लागत नाही. चार नोंदी उस्तादांकडून तपासून घ्यायला दहा मिनिटे लागतात. एकाच मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एक तपासलेले पुस्तक आणि एक चांगला शब्दकोश घेतला, तर खर्चही वाटला जाईल आणि मुले एकमेकांना वाक्ये विचारू लागतील. दोनशे क्रियापदांचा न तपासलेला तक्ता पाठ करण्यापेक्षा वीस क्रियापदे बरोबर वाक्यांत वापरता येणे मुलाच्या अधिक कामाचे आहे.