परदेशी इंग्रजी शिकवायचे, पण कोणत्या वयाला?

पदवी हाती पडते, नोकरीचा ठाव लागत नाही आणि मग परदेशात इंग्रजी शिकवावयास जाण्याचा विचार बळावतो, असे अनेक तरुण-तरुणींच्या बाबतीत आज घडते. आमच्यासारख्या प्राध्यापकांकडे ते सल्ल्यासाठी येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा पगाराचे, व्हिसाचे आणि राहण्याच्या जागेचे असतात. कोणत्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. आणि आला तरी ‘मला लहान मुले आवडतात’ एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. वास्तविक ही निवड जितकी आवडीनिवडीची, तितकीच अर्थशास्त्राची आहे. शिकणारा कोण, पैसे देणारा कोण आणि यश मोजणारा कोण, ह्यांची उत्तरे वयागणिक बदलतात; आणि शिक्षकाचे वेळापत्रक, त्याची पत व नोकरीची शाश्वती ही त्या उत्तरांवर अवलंबून असतात.

दक्षिण कोरियाचेच उदाहरण घेऊ. तेथे १९९७ साली प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. आपले मूल त्याआधीच तयार असावे ह्या पालकांच्या चढाओढीतून ‘हागवोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाजगी शिकवणी-वर्गांचे इंग्रजी थेट बालवाडीपर्यंत खाली उतरले. १९८० साली तेथील लष्करी राजवटीने खाजगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. ती पुढे सैल होत गेली आणि २००० साली घटना न्यायालयाने अवैध ठरविली. २०१८ साली सरकारने पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर शाळेतच भरणाऱ्या इंग्रजी वर्गांना मनाई केली. पुढच्याच वर्षी ती उठवावी लागली.

बालवर्गात पैसे देणारी आई वर्गाबाहेर असते. चार वर्षांच्या मुलाची भाषेतील प्रगती तिला मोजता येत नाही. तिला दिसतो तो परदेशी शिक्षकाचा चेहरा. वर्गचालक तो शिक्षक बऱ्याच अंशी दुकानाच्या दर्शनी काचेत मांडण्यासाठी ठेवतो, असे म्हटले तर कठोर वाटेल; पण खोटे ठरणार नाही. शिवाय ह्या बाजारपेठेचा पायाच खचतो आहे. कोरियात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण २०२३ साली ०.७२ वर आले. जपानमध्ये २०१६ साली वार्षिक जन्म प्रथमच दहा लाखांच्या खाली गेले आणि २०२४ साली ते सात लाखांहूनही कमी झाले. चीनमध्ये तर जुलै २०२१ मधील एका सरकारी आदेशाने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर गदा आली, आणि घरी बसून संगणकावरून चिनी मुलांना शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांचा धंदा काही महिन्यांत बसला.

‘जितके लहान तितके चांगले’ हे जे सूत्र ह्या साऱ्याच्या मुळाशी आहे, त्याला वर्गातील शिक्षणापुरता तरी पुरेसा आधार नाही. हॉलंडमध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा स्नो व हूफनागेल-होहल ह्यांनी केलेला अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले. बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योस ह्यांच्या प्रकल्पातही, तेवढ्याच तासांच्या शिक्षणानंतर उशिरा आरंभ करणारे विद्यार्थी पुढे असल्याचे आढळले. आठवड्याला दोन-तीन तासिका मिळणाऱ्या वर्गाला, दिवसभर ती भाषा कानी पडणाऱ्या घराचा नियम लावता येत नाही. (महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले तेव्हा हा भेद किती जणांनी ध्यानात घेतला होता, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

मग प्रौढ बरे, असे वाटेल. प्रौढ स्वतःच्या खिशातून पैसे देतो, कशासाठी शिकतो हे त्याला ठाऊक असते, वर्गात शिस्तीचा प्रश्न नसतो. परंतु त्याची मागणी कमालीची लवचिक असते. कामाचे तास वाढले, मंदी आली, की पहिली कात्री इंग्रजीच्या फीला लागते. त्याची फुरसत पहाटे किंवा रात्री. म्हणून शिक्षकाचा दिवस मधोमध चिरला जातो. जपानमधील ‘नोव्हा’ ही इंग्रजी संभाषण-वर्गांची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. कंपनीने दिलेल्या जागेत राहणाऱ्यांच्या डोक्यावरील छपराचाही प्रश्न उभा राहिला.

मधले वय, म्हणजे अकरा ते चौदा, हे माझ्या मते जाणत्याने निवडावे. ह्या वयाला व्याकरण समजते, चूक करण्याची लाज अजून पुरती बसलेली नसते आणि परीक्षेचा फास आवळलेला नसतो. तो एकदा आवळला, की परदेशी शिक्षकाचे काम संपल्यासारखेच होते. कोरियात महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना विमानांचे उड्डाण व उतरणेसुद्धा थांबविले जाते. असल्या परीक्षेच्या तोंडावर कोणता पालक गप्पांच्या तासिकेला महत्त्व देईल? शिवाय शाळेतील नोकरीत सार्वजनिक पैसा असतो व तास दिवसाचे असतात. जपानची १९८७ साली ८४८ जणांनिशी सुरू झालेली ‘जेट’ योजना ह्याच धर्तीवर आजतागायत टिकून आहे.

भारतीयांपुढे निवड आणखी अरुंद आहे. कोरियाचा इंग्रजी-शिक्षकाचा व्हिसा सामान्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका ह्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने आपल्यासाठी एक दार किलकिले केले, तेही शिक्षकाची अधिकृत पात्रता असणाऱ्यांना आणि शाळांतील साहाय्यक शिक्षक म्हणून. म्हणजे बालवाडी व प्रौढ हे दोन्ही टोकांचे वर्ग करारानेच वगळले. ज्यांना तिकडे जावयाचे आहे त्यांनी अल्प मुदतीच्या प्रमाणपत्रांवर पैसे उधळण्याऐवजी आधी बी. एड. पुरे करावे, हे ह्यावरून उघड होते.

अन्य देशांत जाणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वर्गात कोणत्या वयाचे किती विद्यार्थी, आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे तास किती, आणि नोकरी सोडल्यास व्हिसाचे काय. पहिल्या प्रश्नाला ‘सर्व वयांचे’ असे उत्तर आले, तर पहाटे नोकरदार, सकाळी बालवाडी आणि संध्याकाळी शाळकरी मुले असा दिवस वाट्याला येणार, असे धरून चालावे आणि पगाराचा आकडा त्या सगळ्या तासांनी भागून पाहावा.