आजींचं बाकडं

परवा भाची हिंजवडीहून आली. तिथल्या एका संगणक कंपनीत ती ‘बिझनेस ॲनालिस्ट’ आहे. म्हणजे नेमकं काय करतेस, असं विचारलं तर म्हणाली, “मामा, गिऱ्हाईक काय मागतंय ते कोणीही लिहून घेईल. त्याला ते का हवंय, हे शोधायचं माझं काम.” आणि मला एकदम आमच्या शाखेतलं बाकडं आठवलं.

१९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि पुढच्या काही वर्षांत शाखांमधून लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. आमच्याकडे ते १९८९ साली आलं. शाखेला यंत्राकडून काय हवं, याची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. व्याजाची आकारणी, रोजची जुळणी, महिनाअखेरचं बॅलन्सिंग... सगळ्या मागण्या काउंटरच्या आतल्या! पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला काही विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

धूळ नको म्हणून यंत्र काचेच्या खोलीत बसलं आणि काउंटरवरच्या खातेवह्या गेल्या. पूर्वी कारकून पान उलटून लगेच सांगत असे. आता शिपाई चिठ्ठी घेऊन आत जाई. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनरांची रांग दारापर्यंत. कित्येकांचा नंबर लागण्याआधीच कामकाजाची वेळ संपे. एक आजी म्हणाल्या, “साहेब, फार उभं राहावं लागतं हो.” मी तत्परतेने बाकडं टाकलं आणि तक्रारवहीत ‘निराकरण केले’ असा शेरा मारला. आजी दोन महिने बाकड्यावर बसल्या.

तिसऱ्या महिन्यात मी सहज विचारलं, “आजी, रोज कशाला हेलपाटा घालता?”

“पैसे जमा झाले का, तेवढंच हवं असतं. झाले असले तर वाण्याकडे जाते. नसले तर त्याचं दुकान टाळून मागच्या गल्लीने घरी.”

खिडकीवरच्या कारकुनाने हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने आदल्या दिवशी जमा झालेल्या पेन्शनींची छापील यादी सकाळीच आपल्याजवळ ठेवायला सुरुवात केली. खर्च, एक कागद. आठवड्याभरात बाकडं रिकामं पडलं.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यातल्या माणसांना पाच वेळा ‘का’ विचारायची सवय लावली होती, ही माहिती भाचीचीच. मी एकदाच विचारलं, तेही तिसऱ्या महिन्यात.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मामा, नंबर लागायच्या आत खिडकी बंद झाली, की आजी कुठल्या गल्लीने जात असतील?”

मी चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला.