‘छावा’ बाहेर गेलंय!

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आला आणि आमच्या कांजूरमार्गच्या वाचकगटात एकच प्रश्न सुरू झाला: शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी वाचनालयात मिळेल का? उत्तर ठरलेलं. “बाहेर गेलंय.”

मंडळी, यात काउंटरवरच्या ताईंचा दोष नाही. आपल्याकडची बहुतेक ‘सार्वजनिक’ वाचनालयं संस्था चालवतात, सरकार नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार अनुदान मिळतं. तमिळनाडू, कर्नाटकात ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. अनुदान आणि तुटपुंजी वर्गणी यांत पगार, वीज आणि दिवाळी अंकसुद्धा! मग एकाच कादंबरीच्या चार प्रती कोण घेणार? (आणि लाट ओसरल्यावर त्या ठेवायच्या कुठे?)

त्यातून एखादी प्रत दोन-दोन महिने कुणाच्या तरी टीव्हीखाली पडून असते. दंड इतका किरकोळ की फरकच पडत नाही. मला विचाराल तर खरा घोळ इथेच आहे.

उपाय? मागणी-वहीत नाव लिहा, नुसतं तोंडी सांगू नका. परत आलेली पुस्तकं कपाटात जाण्याआधी काउंटरवरच साठतात, आधी तो गठ्ठा बघा. स्लो लोकलने मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय किंवा ठाण्याचं १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय गाठता येतं. लोकप्रिय पुस्तक हवं असेल तर दुसरं सभासदत्व परवडतं.

आणि ‘छावा’ ज्यांच्याकडे आहे त्यांनी वाचून झालं असेल तर कृपया परत करा. रांगेत मीही आहे!