भुतांचा अभिनय

शाळेच्या नाटकात काम करताना तुम्हाला कोणी विचारले आहे का, "या क्षणी तुझ्या पात्राला काय हवे आहे?" रशियन नाट्यशिक्षक कॉन्स्टंटिन स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) नटांना हाच प्रश्न स्वतःला विचारायला शिकवीत. हेतू पक्का झाला, की चालणे-बोलणे त्यातूनच येते. संगणकाच्या पात्रालाही हे लागू पडेल का?

जपानमध्ये १९८० साली तोरू इवातानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पॅक-मॅन' हा खेळ तयार केला. त्यात चार भुते खेळाडूच्या मागे लागतात. पण चौघांचे हेतू निराळे. तांबडे भूत खेळाडू असलेल्या चौकोनाकडेच धावते. गुलाबी भूत साधारणपणे त्याच्या चार चौकोन पुढे नेम धरते. म्हणून ते वाट अडवते. नारिंगी भूत आठ चौकोनांहून दूर असेपर्यंत पाठलाग करते, जवळ येताच आपल्या कोपऱ्याकडे वळते. निळ्याचे लक्ष्य तांबड्याच्या जागेवरही अवलंबून असते.

नियम एवढेच! तरी खेळणारा म्हणतो, "तांबडे हट्टी, गुलाबी धूर्त, नारिंगी भित्रे." वास्तविक भुतांना ना हट्ट, ना भीती. वागणे त्यांचे, त्यात स्वभाव पाहतो तो आपण. रंगभूमीसमोरचा प्रेक्षकही हेच करतो.

मैदानावर चौकोन आखून पाहा. एकजण खेळाडू, तिघे भुते. तिघांना एकेक नियम गुपचूप सांगा. मग बघणाऱ्यांना प्रत्येकाचा स्वभाव विचारा. काय उत्तरे येतात?